दार वाजवून सहा फूट मागे

बेल वाजवायची आणि लगेच सहा फूट मागे सरकायचं. मास्क नाकाच्या वर, ओळखपत्र गळ्यात समोर दिसेल असं, दोन्ही हात खिशाबाहेर. डिसेंबर 2020 मध्ये, जॉर्जियातल्या निवडणुकीच्या दारोदार प्रचारासाठी, पहिल्याच दिवशी आम्हाला हे शिकवलं. बोलायचं काय, ते नंतर. सहा फूट कोविडमुळे, हे कळत होतं. हात खिशाबाहेर कशाला, ते मात्र मला विचारावं लागलं. माझ्या जोडीला दिलेल्या कृष्णवर्णीय बाई शांतपणे म्हणाल्या, "परक्याच्या अंगणात माझे हात आयुष्यभर असेच असतात." त्या निवृत्त शिक्षिका होत्या, सत्तरीला टेकलेल्या. मी मनातल्या मनात त्यांना 'बाई'च म्हणायला लागले आणि अजूनही त्यांच्याबद्दल बोलताना तोंडात तेच येतं.

मी अटलांटाच्या उत्तरेला, जॉन्स क्रीकमध्ये राहते. तेव्हा अमेरिकेत येऊन अकरा वर्षं झाली होती आणि ग्रीन कार्ड हातात पडून जेमतेम दीड. नागरिकत्वाच्या अर्जासाठी साधारणपणे ग्रीन कार्डावर पाच वर्षं काढावी लागतात, म्हणजे मला मत नव्हतं. नोव्हेंबरची निवडणूक मी काठावर बसून पाहिली. राज्यात जवळपास 50 लाख मतं पडली आणि बायडन 11,779 मतांनी पुढे राहिले. आमच्या भागातल्या मोठमोठ्या सबडिव्हिजनमधली माणसं मोजली तरी हा आकडा भरेल. तो ऐकल्यापासून मला चैन पडेना.

त्यात सेनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, दोन्ही जागा लटकल्या. जॉर्जियात उमेदवाराला 50 टक्क्यांहून जास्त मतं पडली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते, तिला रनऑफ म्हणतात. रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू 49.7 टक्क्यांवर अडकले आणि त्यांच्यासमोर डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ उभे राहिले. दुसऱ्या जागेवर रिपब्लिकन केली लेफ्लर आणि डेमोक्रॅट राफाएल वॉर्नॉक. मतदान 5 जानेवारी 2021 ला. दोन्ही जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेल्या तर सेनेट 50-50 होणार आणि बरोबरी फोडणारं मत उपाध्यक्ष म्हणून कमला हॅरिस यांच्याकडे जाणार. सगळ्या देशाचं लक्ष आमच्या गल्लीकडे लागलं होतं.

त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक निरोप टाकला. डेमोक्रॅटिक बाजूच्या प्रचाराला हिंदी, तेलुगू, गुजराती, उर्दू, बंगाली, कोरियन, व्हिएतनामी बोलणारे स्वयंसेवक हवे होते, आणि यादीत शेवटी 'मराठी' लिहिलेलं होतं. मी तो शब्द दोन वेळा वाचला. इथल्या निवडणुकीत माझी भाषा कोणाला हवी आहे, हे अकरा वर्षांत पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं.

तरी फोन उचलायला दोन दिवस गेले. मत नसलेल्या बाईने दुसऱ्याला मत द्यायला सांगायचं, हे कायद्यात बसतं का? माझ्या नागरिकत्वाच्या अर्जाला पुढे यामुळे डाग लागला तर? विचारल्यावर नीट उत्तर मिळालं. ग्रीन कार्डवाल्याला प्रचारात बिनपगारी काम करता येतं, स्वतःच्या पैशांतून देणगीही देता येते. करायचं नाही ते एकच, मतदार म्हणून नाव नोंदवायचं नाही आणि मत टाकायचं नाही. तो गंभीर गुन्हा आहे आणि त्यात नागरिकत्वाची वाट कायमची बंद होऊ शकते. आपल्या लोकांपैकी ज्यांना हे वाचून उत्साह येईल त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. लायसन्सच्या ऑफिसात कोणी 'मतदार नोंदणी करायची का' असं विचारलं तर थांबा, आधी स्वतःचे कागद बघा.

प्रशिक्षण झूमवर झालं, दोन तास. एक स्क्रिप्ट दिली. प्रत्येक माणसाशी बोलून झालं की ॲपमध्ये एक ते पाच आकडा लावायचा: एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का समोरचा. पत्रक दाराच्या मुठीला अडकवायचं, पत्रपेटीत टाकायचं नाही, कारण पत्रपेटीत टपालाचं तिकीट नसलेलं काही टाकणं संघराज्याच्या कायद्याने मना आहे. वाद घालायचा नाही. आणि 'मत देणार ना?' एवढ्यावर सोडायचं नाही. कधी जाणार, कुठल्या केंद्रावर, कोणाबरोबर, ऑफिसच्या आधी की नंतर, हे त्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं. दिवस आणि वेळ एकदा तोंडाने उच्चारली की माणूस जातो, असं शिकवणारी मुलगी म्हणाली. ती वयाने माझ्या भाचीएवढी असेल. मला ते तेव्हा फार पटलं नाही, पुढे पटलं.

पहिला आठवडा फोनचा. संध्याकाळी पाच ते आठ, कानाला हेडफोन, समोर नावांची यादी. पहिल्या दिवशी 74 फोन लावले आणि नऊ जणांशी बोलणं झालं. बाकी सगळे उचलत नव्हते किंवा माझं नाव ऐकायच्या आत ठेवून देत होते. घसा कोरडा पडण्यापेक्षा त्या नकाराची सवय नसणं जड गेलं. आम्हा मध्यमवर्गीय माणसांना कोणाच्या दारात काही मागायला उभं राहायची वेळ सहसा येत नाही.

यादीत आडनावावरून भाषा लावलेली होती आणि ती कितीदा तरी चुकलेली होती. मराठी म्हणून दिलेले एक कुलकर्णी धारवाडचे, घरात फक्त कानडी. एक फर्नांडिस गोव्याचे समजून कोकणीवालीला दिलेले, ते निघाले वसईचे. आणि एक पठाण. त्यांच्यापुढे 'उर्दू' लिहिलेलं. त्या दिवशी उर्दू बोलणारी मुलगी आली नव्हती म्हणून ते नाव माझ्याकडे आलं. मी जपून 'अस्सलाम वालेकुम' म्हटलं, मोडक्या हिंदीत नाव-गाव सांगितलं. पलीकडून खणखणीत आवाज आला, "ताई, आडनावावरून तुम्ही आमच्याकडच्या वाटता. मराठीत बोला की. मी सोलापूरचा."

आम्ही पंचवीस मिनिटं बोललो. स्क्रिप्ट बाजूलाच राहिली. त्यांनी 2014 ला नागरिकत्व घेतलं होतं, पण पहिलं मत दिलं 2018 ला. जानेवारी 2017 मध्ये काही मुस्लिमबहुल देशांतल्या लोकांवर प्रवेशबंदीचा हुकूम निघाला, तेव्हा विमानतळावर अडकलेल्या माणसांच्या बातम्या बघत ते रात्रभर जागे होते. भारत त्या यादीत नव्हता. "पण माझी मुलगी शाळेतून येऊन विचारायला लागली, आपलं नाव पण यादीत आहे का? त्या दिवशी मी ठरवलं, मत न देण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही." मग ते म्हणाले, "इथे देशी लोकांचा कार्यक्रम म्हणजे पक्षवाले देवळात येतात, फोटो काढतात, समोसे खातात. आमच्या मशिदीकडे कोण येतं? आणि मी मराठी आहे, हे तर कोणाच्या खिजगणतीतच नाही." त्यांच्या नावापुढचं 'उर्दू' मी पुसलं. ॲपमध्ये 'मराठी' असा पर्यायच नव्हता, म्हणून शेऱ्यात लिहिलं: सोलापूर, मराठी, पुढच्या वेळी मराठीत फोन करा.

अल्पसंख्याक मतदार हा शब्द प्रशिक्षणात मी शंभर वेळा ऐकला होता. त्या अल्पसंख्याकांच्या पोटात आणखी किती अल्पसंख्याक आहेत, हे त्या फोनवर कळलं.

14 डिसेंबरला आगाऊ मतदान सुरू झालं आणि आम्ही दारोदार निघालो. मला आणि बाईंना दक्षिण फोर्साइथ काउंटीतली घरं मिळाली. नवी वस्ती, दोन गाड्यांची गॅरेजं, दारावर तोरणं, पायऱ्यांवर दिवाळीची पुसट रांगोळी. गाडी थांबवून बाई काही वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मी अटलांटात वाढले. लहानपणी आम्हाला सांगितलेलं असायचं, या काउंटीतून जायची वेळ आली तर सूर्य मावळायच्या आत बाहेर पडा."

मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं ते मी नंतर घरी जाऊन वाचलं. 1912 मध्ये फोर्साइथमधल्या हजाराहून जास्त कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या टोळ्यांनी धाकदपटशाने हाकलून दिलं, घरं आणि प्रार्थनास्थळं जाळली, कित्येकांच्या जमिनी गेल्या. पुढची जवळपास पाऊणशे वर्षं तिथे कृष्णवर्णीय माणूस राहत नव्हता म्हटलं तरी चालेल. जानेवारी 1987 मध्ये नागरी हक्क चळवळीतले होझिया विल्यम्स यांनी तिथे छोटासा मोर्चा नेला तेव्हा त्याच्यावर दगड-बाटल्या आल्या. आठवड्याभराने सुमारे वीस हजार माणसं चालून गेली. त्या वीस हजारांत बाई होत्या. आता त्याच काउंटीत, गणपतीची टाइल लावलेल्या दारांसमोर, क्लिपबोर्ड घेऊन त्या माझ्या बाजूला उभ्या होत्या.

आणि आपली माणसं काय करत होती? दार उघडायची, आणि नजर बाईंवरून सरकवून माझ्याशी बोलायची. सगळी नाहीत, पण पुष्कळ. प्रश्न बाईंनी विचारला तरी उत्तर मला मिळायचं. तिसऱ्या की चौथ्या घरी एका गृहस्थांनी हसत हसत हिंदीत मला विचारलं, "यांना कशाला बरोबर आणलंत? घरात बायका-मुलं असतात." बाईंना भाषा कळत नव्हती, पण तो सूर त्यांना कळला असणार. ज्याला तो आयुष्यभर ऐकावा लागतो त्याला भाषांतर लागत नाही.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, वाद नको. मी वाद घातला नाही. मी त्यांना सांगितलं, "काका, 1965 पर्यंत या देशात भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांना कायमचं यायची परवानगी होती. त्या आधी तर आपल्याला नागरिकच होता येत नव्हतं. 1965 ला कायदा बदलला, आणि ज्या वातावरणात तो बदलला ते वातावरण यांच्या लोकांनी रस्त्यावर मार खाऊन तयार केलं. तुमचं घर इथे आहे ते त्यामुळे. या बाई 1987 ला याच काउंटीत मोर्चात चालल्या आहेत." माझा आवाज कापत होता. ते काही बोलले नाहीत. दार लावलंही नाही. पत्रक घेतलं, बाईंकडे बघून मान हलवली आणि आत गेले. मी ॲपमध्ये तीन लावला. त्यांनी मत कोणाला दिलं, दिलं की नाही, मला कधीच कळणार नाही.

जे बोलले ते मला आधी माहीत होतं असं नाही. 1923 ला भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाला अपात्र ठरवलं, 1946 च्या कायद्याने ते दार किलकिलं झालं आणि वर्षाला शंभरचा कोटा मिळाला, 1956 ला दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून अमेरिकी संसदेत निवडून आले, आणि मतदान हक्काचा कायदा व नवा इमिग्रेशन कायदा दोन्ही एकाच वर्षी, 1965 ला झाले, हे सगळं मी त्या पंधरवड्यात रात्री जागून वाचलं. बाईंच्या शेजारी उभं राहायचं तर एवढं तरी माहीत असायला हवं, असं वाटत होतं. 1965 ला मतदान हक्काच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर मार खाल्लेले जॉन लुईस अटलांटाचेच खासदार होते आणि त्याच वर्षी जुलैमध्ये गेले होते. बाईंच्या गाडीत त्यांचा फोटो होता.

उलट बाजूचीही माणसं भेटली. एक मोटेलवाले पटेलकाका म्हणाले, "मी पर्ड्यूला देणार. माझ्या धंद्यावर टॅक्स वाढतो तेव्हा तुमचा पक्ष मला विचारायला येत नाही." त्यांनी कारणं नीट सांगितली, आम्ही नीट ऐकली. मग त्यांनीच विचारलं, आगाऊ मतदानाची जवळची जागा कुठली? मी सांगितली, वेळही सांगितली. आमच्या गटातल्या एकाला हे आवडलं नाही. बाई म्हणाल्या, "बरोबर केलंस. मतदानाची जागा आम्ही कधीच कोणापासून लपवलेली नाही, ती आमच्यापासून लपवली जायची." मला त्यापुढे काही बोलायचं नव्हतं.

पण हे सगळं झालं तरी, माझा जास्तीत जास्त वेळ कोणाचं मत बदलण्यात गेला नाही. बहुतेकांचं मन ठरलेलंच होतं. वेळ गेला तो कागदांच्या गुंत्यात. नोव्हेंबरसाठी घरपोच मतपत्रिका मागवली होती म्हणून रनऑफची आपोआप येईल, असं अनेकांना वाटत होतं. पासष्टीचे आणि त्यापुढचे, अपंग किंवा सैन्यातले यांनी एकदाच अर्ज करून पूर्ण हंगामाची मागितली असेल तरच ती येते, बाकीच्यांना पुन्हा अर्ज करावा लागतो. एका तेलुगू घरातल्या आजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून त्या कधी मत द्यायला गेल्याच नव्हत्या. मतपत्रिका वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासाचं माणूस मदतीला आत नेता येतं, मालक किंवा युनियनचा माणूस सोडून कोणीही. हा हक्क मतदान हक्काच्या कायद्यात आहे. सुनेला ते सांगितल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. तिथल्या तिथे आजींशी बोलून तिने शनिवार ठरवला. ग्विनेट काउंटीत 2016 पासून मतपत्रिका स्पॅनिशमध्येही मिळते, पण जॉर्जियात आपल्या कुठल्याच भाषेत मिळत नाही. तोपर्यंत सून हाच आधार.

सगळ्यात जास्त जीव गुंतला तो एका काकूंमध्ये. वय सदुसष्ट, मूळच्या सांगलीच्या, मुलाकडे राहणाऱ्या. फोनवर मी मराठीत बोलायला लागल्यावर आधी त्यांनी माझं माहेर विचारलं, मग स्वयंपाक चालू होता तो गॅस बंद करून खुर्चीत बसल्या. "तू विचारतेस म्हणून सांगते," त्या आवाज खाली करून म्हणाल्या. "मला एक पत्र आलंय. मी कोणाला दाखवलं नाही. देवघराच्या खणात ठेवलंय."

मी त्यांना पत्र वाचायला लावलं, एकेक शब्द स्पेलिंगसकट. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाचं होतं. तुमच्या नागरिकत्वाचा पडताळा होत नाही, तोवर नोंदणी प्रलंबित, असं त्यात होतं. काकूंनी सप्टेंबरमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली होती आणि मुलाने लगेच मतदार नोंदणीचा अर्ज भरून दिला होता. पण त्यांचं लायसन्सच्या खात्यातलं ओळखपत्र ग्रीन कार्डाच्या काळातलं. राज्य नोंदणीचा अर्ज त्या खात्याच्या माहितीशी ताडून बघतं, आणि तिथे त्या अजून परदेशीच होत्या. नवे नागरिक झालेल्या माणसांवर ही पाळी अनेकदा येते. काकूंना वाटलं होतं, आपल्यावर खोटं बोलल्याचा आळ आलाय. मुलाला त्रास नको म्हणून तीन आठवडे त्या गप्प होत्या. तीन आठवडे, रोज पूजा करताना ते पत्र त्या खणात!

"काकू, तुमचं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं, आणि पलीकडे त्या रडायला लागल्या.

काम साधं होतं. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र किंवा अमेरिकन पासपोर्ट दाखवायचा. आगाऊ मतदानाच्या केंद्रावर तो दाखवला की तिथेच निकाल लागतो. पासपोर्ट अजून आला नव्हता, प्रमाणपत्र होतं. पण त्यावर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं आपल्या पद्धतीचं लांबलचक, आणि ओळखपत्रावर मधलं नाव गाळलेलं. म्हणून त्यांच्या मुलाने हाताला येईल तो सगळा कागद एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये भरला: जुना भारतीय पासपोर्ट, लग्नाचा दाखला, ग्रीन कार्डाची झेरॉक्स. त्याला ऑफिसातून निघता येत नव्हतं, म्हणून बुधवारी सकाळी त्यांना न्यायला मी गेले.

मतदान केंद्राच्या इमारतीपासून 150 फुटांच्या आत प्रचार चालत नाही. मी ओळखपत्र काढून डॅशबोर्डच्या खणात टाकलं, पत्रकांची पिशवी डिकीत ठेवली आणि लांब गाडी लावली. काकू एकट्या गेल्या. कॉटनची साडी, वर मुलाचा जाड कोट, पायात मोजे आणि चपला, आणि फोल्डर दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. रांगेत त्यांच्या पुढे-मागे उंच उंच माणसं. मला फक्त कोटाचा निळा रंग दिसत होता. तो दाराच्या आत गेला आणि मी घड्याळ बघायला लागले.

बेचाळीस मिनिटं. मी तीन वेळा गाडीचं दार उघडलं आणि तीन वेळा बंद केलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा कोटावर जॉर्जियाचा पीच असलेला स्टिकर होता. त्यांनी तो थेट हृदयावर लावला होता. गाडीत बसून त्यांनी फोल्डर मांडीवर ठेवलं, बकल लावलं आणि म्हणाल्या, "त्या पोरीने कागद बघितला आणि मला सॉरी म्हणाली गं. बाकीचं काही उघडायलाच लागलं नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "सांगलीला मी एकही निवडणूक चुकवली नव्हती. बोटाला शाई लावून घ्यायचे. इथे शाई नाही लावत का?" घरापर्यंत त्या एका बोटाने तो स्टिकर दाबून बसल्या होत्या, पडू नये म्हणून.

5 जानेवारीला रात्री उशिरापर्यंत जागलो. मध्यरात्रीनंतर वॉर्नॉक जिंकल्याची बातमी आली. जॉर्जियाचे पहिले कृष्णवर्णीय सेनेटर, मार्टिन लूथर किंग यांच्याच चर्चचे पाद्री. बाईंचा फोन आला आणि दोघीही नुसत्या हुंदके देत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑसॉफही जिंकले, आणि त्याच दुपारी वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलवर, म्हणजे संसदभवनावर, जिथे अध्यक्षपदाच्या निवडणुकीची मतं मोजली जात होती, जमाव चालून गेला. ती दृश्यं बघताना माझ्या हातापायांतलं बळ गेलं. एवढी माणसं एकेका दाराने गोळा केलेली, आणि ती मोजण्याचं काम काचा फोडून थांबवू बघणारी ती माणसं.

7 तारखेला सकाळी बाईंचा मेसेज आला. नऊला निघू या का? यादी आली आहे.

ती शेवटची यादी होती. टपालाने आलेल्या मतपत्रिकेवरची सही नोंदीतल्या सहीशी जुळली नाही किंवा सही राहूनच गेली, तर तेव्हा मत बाजूला ठेवायचे (सही जुळवण्याचा हा नियम 2021 मध्ये बदलला). मतदाराला मतदानानंतरच्या शुक्रवारपर्यंत मुदत असायची. एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची, ओळखपत्राची प्रत जोडायची आणि कार्यालयाकडे पाठवायची. निकाल लागून गेला होता. ऑसॉफ यांची आघाडीही हजारोंनी वाढत चालली होती. या मतांनी आता काही बदलणार नव्हतं. तरी आम्ही निघालो. मला वाटतं त्या दिवशी दोघींनाही घरात टीव्हीसमोर बसवलं नसतं.

चौथं घर सुवानीतल्या एका गुजराती कुटुंबाचं. दार मुलाने उघडलं. वडिलांचं मत अडकलंय, हे त्याला माहीत नव्हतं. "पण आता काय उपयोग? झालं ना सगळं," तो म्हणाला, उर्मटपणे नाही, थकून. आतून काठीचा आवाज आला. एक्क्याऐंशी वर्षांचे दादा, अंगावर शाल, मुलाच्या मागे येऊन उभे राहिले. काय झालं ते मी हिंदीत सांगितलं. त्यांनी लिफाफ्यावर सही गुजरातीत केली होती. नोंदणीच्या अर्जावर ती इंग्रजीत होती.

"सही तर आयुष्यभर अशीच करतो," ते म्हणाले. "तो अर्ज भरला तेव्हा ऑफिसरसमोर होतो, म्हणून इंग्रजीत केली." मग मुलाकडे वळून म्हणाले, "ते जिंकले असतील. माझं मोजलं का?"

मुलाने बाहेर खुर्ची आणून ठेवली. पोर्चवर ऊन होतं. बाईंनी क्लिपबोर्ड त्यांच्या मांडीवर धरला आणि वाऱ्याने कागद उडू नये म्हणून दोन्ही कडांना बोटं ठेवली. दादांनी पेन घेतलं, हवेत दोनदा गिरवलं आणि मग एकेक इंग्रजी अक्षर काढलं, मधे थांबत, पहिलीतल्या मुलासारखं जीभ दाताखाली धरून. बाई हळूच म्हणत होत्या, "टेक युअर टाइम, सर." चाळीस वर्षं वर्गात त्यांनी हेच म्हटलं असणार. सही झाल्यावर बाईंनी मला विचारायला सांगितलं, तुमची खरी सही कशी दिसते? दादांनी पत्रकाच्या मागच्या बाजूवर ती एका झटक्यात, न बघता केली. बाईंनी ते पत्रक घडी न घालता पर्समध्ये ठेवलं.

मुलाने लायसन्सचा फोटो काढला, प्रतिज्ञापत्राचा काढला, आणि आमच्यासमोरच दोन्ही काउंटीच्या कार्यालयाला ईमेल केले. दुपारचे पावणेबारा झाले होते. यादीत अजून सहा नावं होती, त्यांतली दोन घरं बंद मिळाली.

शुक्रवारी दुपारी राज्याच्या वेबसाइटवर दादांच्या नावापुढे मतपत्रिका 'स्वीकारली' असं दिसलं. मी फोन केला. मुलाने उचलला. दादा जेवून झोपले होते.

"उठवू नका," मी म्हटलं.

"नाही, पण उठल्याबरोबर सांगतो," तो म्हणाला. "सकाळपासून चार वेळा विचारून झालंय त्यांचं."